काका, पेन माझ्याच हातात राहू दिल्याबद्दल थँक्यू

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या अभ्यासिकेतल्या काकांना,

काका, मॅथ्स निघालं! रिझल्ट लागल्यापासून तुम्हाला फोन करायचा म्हणतेय पण बोलायला लागले की रडूच येतं, म्हणून लिहूनच टाकते, आणि सगळ्यांसमोर लिहिते.

बारावीच्या मॅट्रिक्समधली ती तीन समीकरणांची शाब्दिक उदाहरणं मला कधी जमलीच नाहीत. क्लासमध्ये विचारलं की सर माझ्या हातातला पेन ओढून घ्यायचे, दोन मिनिटांत एक्स, वाय, झेड काढून वही परत सरकवायचे आणि वर म्हणायचे, एवढं येत नाही तर सायन्स कशाला घेतलं? एवढी फी घेऊन हे! घरी दादाचंही तेच. सगळ्यांनी गणित सोडवून दिलं, मला कोणी सोडवूच दिलं नाही.

त्या दिवशी मे महिन्याच्या उकाड्यात कुलरसमोर बसून मी रडत होते आणि तुम्ही कुलूप लावायला आलात. "काय लिहून राहिली वं?" एवढंच विचारलंत. मग पुस्तक बाजूला ठेवून तुमचं स्वतःचं गणित सांगितलं. एकानं 2 संत्री, 1 मोसंबी, 1 लिंबू घेतलं, 31 रुपये झाले. दुसऱ्यानं 1 संत्रं, 2 मोसंबी, 1 लिंबू, 33 रुपये. तिसऱ्यानं 1 संत्रं, 1 मोसंबी, 2 लिंबू, 28 रुपये.

मी लिहिलं, एक्स म्हणजे संत्री. तुम्ही म्हणालात, "संत्री नाही, एका संत्र्याचा भाव. एक्स म्हणजे आकडा." हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं हो.

पुढे पहिल्यातून दुसरं वजा करताना माझी साइन चुकली, एक्स वजा वाय बरोबर 2 लिहिलं. इथंच सगळ्यांचा हात माझ्या पेनकडे यायचा. तुम्ही मात्र दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात, ते मला अजून दिसतं, आणि म्हणालात, "पाय बरं, दुसऱ्यानं एका संत्र्याच्या जागी मोसंबी घेतली अन् 2 रुपये जास्त दिले. मंग महाग काय?" मोसंबी! मीच खोडून उणे 2 केलं. तसंच तिसऱ्यानं एका संत्र्याच्या जागी लिंबू घेतलं तर 3 रुपये कमी पडले, म्हणजे लिंबू 3 रुपयांनी स्वस्त, आणि मग सगळं एक्समध्येच लिहिता आलं, 4 एक्स बरोबर 32. संत्रं 8, मोसंबी 10, लिंबू 5. तरी तुम्ही बरोबर म्हणाला नाहीत, तिघांचंही बिल पुन्हा लावून पाहायला सांगितलंत. तिन्ही जुळली तेव्हा मला कोणाला विचारायची गरजच उरली नव्हती.

अर्धा तास उशिरा कुलूप लावलंत त्या दिवशी, घरी काकू वाट पाहत असतील. एवढा धीर धरणारी माणसं किती कमी असतात काका, आणि ती अशी किल्ली सांभाळत गुपचूप बसलेली असतात.

शनिवारी येते. संत्रा बर्फी आणते, आणि वही पण, आता प्रोबॅबिलिटीत अडलंय.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची