ताई, ते आठ बाइट सापडले!

ताई, सप्रेम नमस्कार.

दूध संकलन केंद्रातलं आमचं सॉफ्टवेअर आता सगळ्या नोंदी बिनतक्रार सर्व्हरला पाठवतंय. फोनवर सांगितलं तर ‘बरं झालं’ म्हणून तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे जाहीर पत्र.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे सी शार्पमधलं जुनं विंडोज अ‍ॅप्लिकेशन. मूळ लिहिणाऱ्याने तयार लायब्ररी न घेता थेट टीसीपी सॉकेट (नेटवर्कवरून बाइट पाठवायची कच्ची जोडणी) उघडला होता आणि एचटीटीपीची, म्हणजे वेबच्या नियमांनुसारची, विनंती ओळीला ओळ जोडून हातानेच रचली होती. का, ते त्यालाच माहीत! सभासदाचं नाव इंग्रजीत असलं की नोंद सुरळीत जायची. मराठीत असलं की सर्व्हर ४०० (‘विनंती चुकीची’) देऊन परत पाठवायचा आणि वर पुढच्या सभासदाची धडधाकट नोंदही नाकारायचा.

तुमच्याकडे मदत मागताना मी कोड पाठवला, तो तुम्ही उघडलाच नाहीत. ‘कोड राहू दे, सॉकेटमधून प्रत्यक्ष काय गेलं ते बाइट दाखव.’ मग ‘वसंत’ या एका नावाची नोंद हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) छापायला लावलीत. पडद्यावर ई० ए४ बी५, ई० ए४ बी८... प्रत्येक अक्षरामागे ई० ए४ची जोडी. व, स, अनुस्वार, त: सी शार्पच्या लेखी लांबी ४, पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) प्रत्येकी तीन, म्हणजे १२ बाइट. मजकूर किती बाइटचा ते सांगणाऱ्या कन्टेन्ट-लेंग्थ हेडरमध्ये मात्र अक्षरांची संख्या जात होती. सर्व्हर तेवढेच बाइट वाचून थांबायचा, जेसनचा (नोंद ज्या साच्यात जाते त्याचा) शेवट तुटायचा. उरलेले आठ बाइट उघड्या जोडणीतच पडून राहायचे आणि पुढच्या विनंतीच्या पहिल्या ओळीला चिकटायचे. गुन्हा वसंतरावांच्या नावाचा, शिक्षा त्यांच्या मागे उभ्या असलेल्याला! आधी बाइट ॲरे बनवायचा, त्याची लांबी हेडरमध्ये लिहायची, मग पाठवायचं. दुरुस्ती दोन ओळींची होती.

तुम्ही तिथे थांबला असतात तरी मी ऋणी राहिलो असतो. पण टेलनेट, म्हणजे सर्व्हरशी हाताने टाइप करून बोलायचं साधन, चालू करायला लावून (विंडोजमध्ये ते मुळात बंदच असतं) वेबच्या ८० नंबरच्या पोर्टवर हाताने विनंती टाइप करून घेतलीत. होस्टची (सर्व्हरच्या नावाची) ओळ गाळली की एचटीटीपी १.१ मध्ये सर्व्हर ४०० देतो. शेवटची रिकामी ओळ दिली नाही तर तो मुकाट वाट बघत बसतो. पुस्तकात हे वाचलं होतं, पण त्या लुकलुकत्या कर्सरसमोर बसल्यावर डोक्यात शिरलं.

उत्तर वाचतानाची गंमतही त्याच संध्याकाळी कळली. सॉकेटमधून वाचणारं रीड एका वेळी जेवढं आलं तेवढंच देतं, कधी अर्धं हेडरसुद्धा. शून्य (जोडणी बंद झाल्याची खूण) येईपर्यंत वाचत राहावं, तर १.१ मध्ये जोडणी उघडीच असते, शून्य येतच नाही आणि खिडकी गोठते. तुम्ही ‘कनेक्शन: क्लोज’ (उत्तर देऊन जोडणी बंद कर) हे हेडर सुचवलंत आणि लगेच बजावलंत की उत्तर तरीही चंक्ड, म्हणजे तुकड्यातुकड्यांत, येऊ शकतं. आलंच! मजकुराआधी नुसतं ‘१ए’ दिसलं तेव्हा कचरा वाटला, पण ते पुढच्या तुकड्याचं हेक्समधलं माप निघालं: २६ बाइट.

आणि तुमचा एक ओरडा लक्षात आहे. ४४३ वर, म्हणजे सुरक्षित पोर्टवर, जाताना सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी बंद करणारी एक तयार ओळ कुणीतरी सुचवली होती. ‘ती टाकलीस तर पुन्हा फोन करू नकोस.’ नाही टाकली. सुरक्षित जोडणी करणाऱ्या एसएसएल-स्ट्रीमला होस्टचं नाव नीट दिलं, काम झालं.

आता पाठवण्याचं काम तयार एचटीटीपी-क्लायंटकडे सोपवलंय. हेक्स दाखवणारी खिडकी तेवढी ठेवलीय, केंद्रावरून तक्रार आली की आधी तीच उघडतो. तुम्ही पाठवलेला २०२२ चा आरएफसी ९११२ (एचटीटीपी १.१ चा अधिकृत नियमांचा दस्तऐवज) निम्मा वाचून झालाय. चंक्डच्या शेवटी येणाऱ्या ट्रेलरबद्दल (मजकुरानंतरच्या जादा हेडरांबद्दल) एक शंका आहे, रविवारी फोन करू का?

तुमचा,
दूध-नोंदीवाला