चिमुकल्यांच्या रेघोट्यांना बक्षीस नको

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी रंगभरण स्पर्धा जाहीर झाली आहे. फुलपाखराच्या छापील चित्रात रंग भरून ते पाठवायचे आणि पहिल्या तिघांना बक्षीस मिळणार, असे तिचे स्वरूप आहे. इतक्या लहान मुलांची आठवण ठेवून वर्तमानपत्राने त्यांच्यासाठी जागा राखावी, ही मोठी गोष्ट आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार मानूनच हे पत्र लिहीत आहे. तरीही माझी विनंती अशी आहे की, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही स्पर्धा बंद करावी आणि तेवढीच जागा दर रविवारी त्यांच्यासाठी कोरी सोडावी. या विनंतीमागचे कारण आमच्या घरातच घडलेले आहे.

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि मुलगा दोन वर्षांचा. मुलीला चित्रे काढायला कुणी शिकवले नाही. खडू हातात धरता येऊ लागला तेव्हापासून ती रोज काही ना काही काढत आली आहे. काही महिन्यांपूर्वी अशाच एका स्पर्धेसाठी (ती आपल्या वर्तमानपत्राची नव्हती) मी तिला छापील चित्र आणून दिले आणि छान रंगवलेस तर बक्षीस मिळेल, असे सांगितले. त्या दिवशी प्रथमच ती मध्येच हात थांबवून 'बाबा, बरोबर आहे ना?' असे विचारू लागली. रंग रेषेबाहेर गेला तेव्हा मी तिचा हात धरला, पंखाला तिने करडा रंग दिला तेव्हा दुसरा सुचवला, आणि शेवटी जे चित्र तयार झाले त्यात तिचे असे फारसे काही उरले नव्हते. बक्षीस मिळाले नाही याचे तिला दुःख झाले, असे मला वाटत नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस कागद समोर ठेवला की ती आधी विचारायची, 'याला बक्षीस आहे का?' आणि नाही म्हटले की उठून जायची. ज्या खेळात ती जेवणाची हाक विसरून रमत होती, तो माझ्यामुळेच तिच्या हातून सुटला, हे समजायला मला उशीर लागला आणि त्याची खंत अजून आहे.

पुढे या विषयावर वाचन केले तेव्हा लक्षात आले की, असे घडू शकते हे मानसशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग 1973 मध्ये प्रसिद्ध झाला. रंगीत पेनांनी चित्रे काढणे ज्यांना मुळातच आवडत होते, अशी तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काही मुलांना चित्र काढण्यापूर्वीच सांगितले की, तुम्हाला सोनेरी चांदणी आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते चित्र काढून झाल्यावर अचानक दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात इतर खेळण्यांबरोबर सहज ठेवली, तेव्हा बक्षिसाचे आश्वासन आधी मिळालेली मुले इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांपाशी थांबली. शिवाय बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रेही, कोणते चित्र कोणत्या गटाचे आहे हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांना, तुलनेने कमी प्रतीची वाटली होती. अचानक मिळालेल्या प्रशस्तिपत्राने मात्र मुलांच्या आवडीला धक्का लागला नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. मुळात आवडणारे काम बक्षिसासाठी करायचे काम ठरले की त्यातला आनंद ओसरतो, आणि 'पहिल्या तिघांना बक्षीस' ही ओळ आधीच छापून आपण नेमके तेच करतो.

बाह्यरेषा छापून दिलेल्या चित्रांविषयीही थोडे लिहायला हवे, कारण माझ्या मते खरा तोटा तेथे होतो. दीड-दोन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते आणि खांद्यापासून अख्खा हात फिरवते. कागदावर उमटतात त्या त्या हालचालीच्या कमानी असतात. हळूहळू मनगट फिरू लागते, रेघा लहान होतात, गोल गोल फिरू लागतात आणि साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास एके दिवशी रेघ जेथून निघाली तेथेच परत येऊन मिळते. मूल पहिले बंद वर्तुळ काढते, तो क्षण पहिल्या पावलाइतकाच मोलाचा आहे, पण तो टिपायला आपण सहसा तेथे नसतो. मग त्या वर्तुळाला डोळे येतात, डोक्यातूनच थेट दोन पाय खाली उतरतात आणि माणूस तयार होतो. त्याला पोट नसते, मान नसते आणि त्याचे त्याला काही अडतही नाही. असा डोक्या-पायांचा माणूस कितीतरी देशांतल्या मुलांनी कुणीही न शिकवता काढलेला आहे. रोडा केलॉग या अमेरिकन शिक्षिकेने बालचित्रांचा प्रचंड संग्रह करून लहान मुलांच्या रेघोट्यांचे 20 मूलभूत प्रकार नोंदवले. जॉर्ज-आन्री ल्यूके या फ्रेंच अभ्यासकाने तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लिहून ठेवले आहे की, मूल पुष्कळदा आधी रेघा मारते आणि नंतर त्यात काय दिसते ते ओळखून त्याला नाव देते. हा सगळा प्रवास कोऱ्या कागदावर होतो. कुणी दुसऱ्याने काढलेल्या फुलपाखराच्या आत त्याला वावच नसतो. तेथे मुलाने करायचे ते एवढेच की बाहेर जायचे नाही. ज्या मुलांना छापील चित्रे रंगवायला मनापासून आवडते त्यांनी ती जरूर रंगवावीत, पण चित्रकला म्हणून पहिली ओळख त्यांच्यापासून होऊ नये.

आमच्या घरी ही आवड परत कशी आली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलीला 'चित्र काढ' असे म्हणणे मी बंद केले. संध्याकाळी कामावरून आल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा जमिनीवर घेऊन मीच बसू लागलो. मला चित्रे काढता येत नाहीत. दोन-तीन दिवस ती लांबून पाहत होती. चौथ्या दिवशी जवळ येऊन तिने विचारले, 'बाबा, काय काढतोस?' मी खरे तेच सांगितले की, मला अजून माहीत नाही. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, 'ही रेघ झोपली आहे.' मग तिने त्या झोपलेल्या रेघेवर पांघरूण काढले, उशाशी दुसरी रेघ बसवली, आणि ती कोण म्हणून मी विचारले तर उत्तर आले, 'तिची आई.' त्या संध्याकाळी मला झालेला आनंद कोणत्या शब्दांत सांगावा, हे मला आजही सुचत नाही.

तेव्हापासून हा आमचा नेम झाला आहे. रोज वीस मिनिटे, क्वचित अर्धा तास. त्याहून अधिक वेळ आमच्याकडे नसतो आणि लागतही नाही. दर वेळी चित्रेच काढतो असे नाही. एकदा घरात मोठे खोके आले, ते आधी गुहा झाले, मग होडी झाले, आणि तळ निघाल्यावर दोन्ही बाजूंनी उघडा बोगदा झाले. दिवा मालवून विजेरीच्या उजेडात भिंतीवर सावल्या पाडताना धाकट्याला अचानक कळले की, हात विजेरीजवळ नेला की सावली मोठी होते; आधी तो स्वतःच्याच हाताला घाबरून मागे सरला, मग हसू लागला आणि नंतर तेच चाळीस-पन्नास वेळा करत राहिला. मोठ्या माणसाला कंटाळा आणणारी ही पुनरावृत्ती मुलाच्या दृष्टीने शोध असते, दर वेळी तसेच घडते का हे ते पडताळून पाहत असते. त्याला जुने कागद फाडायला तर फारच आवडतात. फाडताना येणारा आवाज तो कान देऊन ऐकतो, अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट करून बारीक तुकडे करतो आणि ताई ते डिंकाने चिकटवते. पसारा होतो आणि तो आम्ही तिघे मिळून आवरतो. आवरणे हाही मुलांना खेळच वाटतो, फक्त घाई करून चालत नाही. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर मणी, बटणे असे तोंडात जाईल इतके लहान काहीही खेळात ठेवू नये, एवढे मात्र पाळावे लागते.

यासाठी तयार संच विकत आणण्याची गरज आम्हाला कधी भासली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, बिया, पाने अशा सहज सापडणाऱ्या वस्तूंमधून बालशिक्षणाची साधने उभी केली, हा वारसा मराठी वाचकांना नव्याने सांगायला नको. मुलांना साधनापेक्षाही शेजारी बसलेले माणूस हवे असते. ते माणूस त्याच वेळी पडद्याकडे पाहत असेल, तर मुलांना ते लगेच कळते.

चित्र पाहून काय बोलावे, हेही मला शिकावे लागले. 'वा, किती सुंदर!' असे म्हटले की संभाषण तेथेच संपते, आणि 'हे काय आहे?' असे विचारले की मूल उत्तर शोधू लागते, कारण ते काहीतरी असलेच पाहिजे असे नसते. आता मी 'याच्याबद्दल सांग ना' एवढेच म्हणतो आणि ती जे सांगते ते, तिचा एकही शब्द न बदलता, कागदाच्या मागे तारखेसह लिहून ठेवतो. करड्या रेघांनी गच्च भरलेल्या एका कागदामागे लिहिलेले आहे, 'हा वारा आहे. तो दमला म्हणून घरी चालला आहे.' स्पर्धेसाठी पंखाला दिलेला करडा रंग मी बदलायला लावला होता, हे तो कागद पाहिला की आठवते. तेव्हा मी विचारले असते, तर त्या पंखाबद्दलही तिने काही सांगितले असते.

स्पर्धेने मुले पुढे येतात, त्यांना जिद्द लागते, असे काही पालक म्हणतील. आठ-दहा वर्षांच्या मुलांबाबत, ज्यांना नियम समजतात, हरणे-जिंकणे समजते आणि ज्यांनी स्वतःहून भाग घेतला आहे, त्यांच्याबाबत मी वाद घालणार नाही. ज्या मुलाला एखाद्या गोष्टीत मुळीच रस नाही, त्याने ती एकदा करून पाहावी यासाठी थोडे आमिषही उपयोगी पडत असेल. पण तीन वर्षांच्या मुलाला स्पर्धा म्हणजे काय हे कळत नाही. ती आपण पालकच खेळतो, आणि परीक्षकांपुढे जाणाऱ्या चित्रांपैकी कितींवर मुलाचा हात एकट्याने फिरलेला असतो, हे आपल्या संपादकीय विभागालाही अनुभवाने ठाऊक असेल.

म्हणून माझी सूचना अशी आहे. पुरवणीत हातभर नव्हे, वीतभर चौकट कोरी छापावी. तिच्यावर हवी तर एकच ओळ असावी, 'आज तुला काय दिसले?' किंवा 'एक रेघ फिरायला निघाली.' मुलांनी पाठवलेल्या चित्रांपैकी जेवढी मावतील तेवढी, क्रमांक न देता, आळीपाळीने छापावीत आणि प्रत्येकाखाली मुलाचे शब्द जसेच्या तसे द्यावेत, मग ते व्याकरणात बसोत वा न बसोत. चित्राला मोठ्यांचा हात लागू देऊ नये, एवढी विनंती पालकांना त्याच पानावर करावी. वयाखेरीज दुसरी माहिती छापण्याची आवश्यकता नाही. ज्यांची चित्रे छापून येणार नाहीत त्यांनी ती घरी दाराच्या मागे लावावीत. आमच्या दारामागे आता जागा उरलेली नाही.

वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो आणि त्यावर ओला रंग पसरतो, ही अडचण मला ठाऊक आहे, पण मेणाचे खडू त्यावर चांगले चालतात. अशी चौकट छापून आली तर आमच्याकडे ती आधी धाकट्याच्या हाती पडेल. तो अजून खडू मुठीत धरतो, त्यामुळे त्याच्या रेघा चौकटीतून निघून शेजारच्या बातमीवरून पार पानाच्या कडेपर्यंत जातील, आणि त्याची ताई त्या रेघा कुठे निघाल्या आहेत ते मला लिहून घ्यायला सांगेल.

आपला नम्र,
दोन लहान मुलांचा बाबा आणि आपला नियमित वाचक