19 टक्के आले म्हणजे 15 च्या वर गेलेच असं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या भागात 15 टक्के हा आकडा कुणाला समजावून सांगायला नको. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा जास्त असतील तिथं सरकारी सूचना, परिपत्रकं त्यांच्या भाषेतही मिळायला पाहिजेत, त्यासाठी बेळगाव, खानापूर, निपाणीतले लोक वर्षानुवर्षं निवेदनं देत आलेत. शिरगणतीत सगळ्यांचीच मोजणी असते त्यामुळे तिथं फरक योगायोगानं आला का हे तपासायची टेस्ट वगैरे काही लागत नाही, पण हातात आहेत ते 2011 चे आकडे, म्हणून मग कुणीतरी स्वतः सर्व्हे करतो. मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) स्टॅटिस्टिक्स शिकवतो म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

समजा एका वॉर्डात 200 जणांना विचारलं आणि 38 जण मराठी निघाले, म्हणजे 19 टक्के. लगेच हेडलाईन करू नका. खरं प्रमाण नेमकं 15 असलं तरी 200 जणांत 38 किंवा जास्त मराठी सापडणं हे शंभरात सातएक वेळा नुसत्या योगायोगानं होतं. गणित सोपंच आहे, 0.15 गुणिले 0.85 भागिले 200, त्याचं वर्गमूळ साधारण 0.025 (इथं पोरं हमखास 0.19 घालतात, पण आपण 15 खरं धरूनच तपासतोय की!), मग 0.04 चा फरक त्यानं भागला की येतात 1.58. नुसत्या योगायोगानं असं शंभरात पाचहून कमी वेळा होत असेल तरच मानायचं ठरवलं (हीच पाच टक्क्यांची पातळी), तर 1.645 ओलांडायला लागतात. तेच 400 जणांत 76 आले तर 2.24 येतात, मग बिनधास्त छापा.

आणि 1.58 आले म्हणून "मराठी 15 टक्के नाहीतच" असं कुणी म्हणत असेल तर तेही साफ चूक, पुरावा कमी पडला एवढंच.

पण सगळ्यात मोठा घोळ होतो तो माणसं निवडताना. एका घरात पाच जणांना विचारलं तर ते पाच वेगळे धरता येत नाहीत, सगळ्यांची भाषा एकच असणार. गल्लीचंही तसंच, बेळगावच्या वडगाव-शहापुरात एक गल्ली मराठी तर पलीकडची कन्नड, कुठून सुरुवात केली त्यावरच उत्तर ठरतं. म्हणून मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढा, एका घरातनं एकच. हे केलं नसेल तर वरचं गणित काही कामाचं नाही, मग 4000 लोकांना विचारा नाहीतर 40,000.

तेव्हा विनंती एवढीच, असा कुठलाही आकडा छापताना किती जणांना विचारलं आणि ते कसे निवडले या दोन ओळी बातमीतच द्या, आकडा आपल्या बाजूचा असला तरी.

आपला,
एक वाचक, खानापूर