कॅमेरामनचं नाव कुठे गेलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या ब्रिटिश डॉक्युमेंटरींवरचा लेख वाचला, आवडलाही. रात्रीच्या टपालगाडीवरच्या 'नाइट मेल'बद्दल (१९३६) सगळं आलंय, ऑडेनची कविता, संगीतकार बेंजामिन ब्रिटनचं संगीत, निर्माता ग्रिअर्सन, दिग्दर्शक वॉट आणि राइट, फक्त ज्यांनी ती शूट केली त्या चिक फाऊल आणि जोना जोन्सचा पत्ताच नाही. वऱ्हाडी सगळे मोजले आणि नवरदेव राहिला, असं झालं हे.

मी फाऊलपुरतंच बोलतो. हा लंडनच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या फिल्म युनिटचा कॅमेरामन, म्हणजे शेवटी टपालखात्याचाच. 'नाइट मेल'मध्ये पत्रं लावणारे कर्मचारी खरे आहेत, पण तो डबा स्टुडिओतला सेट आहे, गाडी पळतेय असं वाटावं म्हणून ते बिचारे उभ्या उभ्या डुलतायत, आणि तरी बघताना आपल्याला जराही शंका येत नाही! आता ही काय एकट्या कवितेची करामत आहे का?

पुढे लढाई. १९४० मध्ये 'लंडन कॅन टेक इट' आली, त्यात बॉम्बहल्ल्यातलं लंडन अमेरिकेला दाखवायचं होतं म्हणून आवाज घेतला अमेरिकन पत्रकार क्वेंटिन रेनॉल्ड्सचा, कॅमेरा परत फाऊल आणि जोन्सचा. मग १९४२ ची 'लिसन टू ब्रिटन'. वीसेक मिनिटांची फिल्म, निवेदन जवळजवळ नाहीच, शेतं, कारखाने, नाचणारी माणसं, नॅशनल गॅलरीत पियानो वाजवणारी मायरा हेस. समजावून सांगायला कोणी नाही, जे काय कळतं ते बघून आणि ऐकून. दिग्दर्शक जेनिंग्जचं कौतुक सगळे करतात, करावंच, पण बघायला दिलं कोणी?

आणि खरी गंमत पुढे आहे. फाऊलचा जुना साहेब कावाल्कांती मूळचा ब्राझीलचा, तो तिकडे साओ पावलोजवळच्या वेरा क्रूझ स्टुडिओत गेला आणि त्याच्याबरोबर हाही. ढगाळ लंडनमध्ये काम केलेला माणूस एकदम ब्राझीलच्या उन्हात दरोडेखोर शूट करतोय, १९५३ ची 'ओ कांगासेइरो' बघा म्हणजे कळेल. स्टुडिओचं लवकरच दिवाळं वाजलं पण याचा कॅमेरा काही थांबला नाही. १९६२ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात पाम द'ऑर हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारी 'ओ पागादोर दे प्रोमेसास' यानेच शूट केलीय. खांद्यावर क्रूस घेऊन चर्चच्या पायऱ्यांवर अडलेला तो खेडूत आणि भोवती जमत जाणारी गर्दी! ब्राझीलला आजवर मिळालेला तो एकमेव पाम द'ऑर.

टपालाच्या डब्यापासून कान महोत्सवापर्यंत गेलेल्या माणसासाठी एवढ्या मोठ्या लेखात एक ओळ नसावी? पुढच्या रविवारी चौकट टाकून दोन्ही नावं छापा, बाकी लेख छानच होता.

आपला,
एक नियमित वाचक