दगड नारंगी नाही, उजेड नारंगी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शुक्राच्या जमिनीचा फोटो छापलात, बरे वाटले. एरवी मंगळ सोडून दुसरा ग्रह आपल्या पानांकडे फिरकत नाही. पण फोटोखाली ‘शुक्रावरील नारंगी खडक’ असे लिहिले आहे, ते चुकले.

हा फोटो सोव्हिएत संघाच्या व्हेनेरा-१३ यानाचा, १ मार्च १९८२ चा. तळाशी यानाच्या कडेचे दाते आणि कॅमेऱ्याचे गळून पडलेले अर्धगोल झाकण दिसते, त्यावरून लगेच ओळखू येतो. तिथे तापमान ४५७ अंश सेल्सिअस, दाब आपल्या हवेच्या ८९ पट. ३२ मिनिटे तगले तरी पुरे, अशा हिशेबाने बनवलेले यान १२७ मिनिटे तगले. तेवढ्या वेळात त्याने जमिनीला भोक पाडले, चुरा आत ओढला, तपासला. निघाला बेसाल्ट, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा भाऊबंद. (त्यात पोटॅशियम जास्त होते. सख्खा भाऊ म्हणाल तर चार दिवसांनी उतरलेल्या व्हेनेरा-१४ ला सापडलेला दगड.)

मग नारंगी रंग आला कुठून? शुक्राची दाट हवा सूर्यप्रकाशातला निळा भाग खाली पोचूच देत नाही. सोडियमच्या दिव्याखाली पांढरा सदरा पिवळा दिसतो, तसेच हे. त्या उजेडाचा परिणाम काढून टाकला की खडक करडेच दिसतात, असे शास्त्रज्ञांनी पुढे दाखवले.

मी साक्री तालुक्यात भूगोल शिकवत असे. रंगीत प्रत परवडत नव्हती, म्हणून या फोटोची साधी झेरॉक्स वर्गात लावली होती. एका मुलाच्या वावरात तेव्हा विहिरीला सुरुंग लागत होते. तो पुढे येऊन, त्या चपट्या फरशांवर बोट ठेवून म्हणाला, “सर, हाऊ ते आपला गावना दगड शे!” रंग गेला म्हणूनच त्याला दगड दिसला, असे मला आजही वाटते.

तेव्हा दुरुस्ती छापावी. जागा असेल तर शेजारी धुळे-नंदुरबारकडच्या दगडी भिंतींचा एखादा फोटोही द्यावा. तप्त रस भेगांत शिरून थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि या कोसच्या कोस लांब भिंती उभ्या राहिल्या. आमच्या शिवारातली एक तर खडीसाठी निम्मी फुटलीही आहे, म्हणून जरा लवकर.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
साक्री, जि. धुळे