नरक्याला दाखला देण्यापूर्वी झाड पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नरक्याच्या लाकडाची गाडी पकडल्याची बातमी कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या घाटमाथ्यावरून अधूनमधून येते आणि चालक व मजुरांवर गुन्हा नोंदवल्याच्या उल्लेखाने संपते. तो माल अखेर कोणत्या कारखान्यात जाणार होता, हे बातमीत बहुधा नसते. माझ्या मते या व्यापाराचे मर्म नेमके तिथे आहे.

नरक्या हे सह्याद्रीच्या सदाहरित रानातले लहानखुरे झाड. त्याच्या खोडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन असते. हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले गेले आणि १९७२ मध्ये आपल्या नरक्यातही ते असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्यावर आधारलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे अंडाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिली जातात. रुग्णांची गरज खरी आहे, त्यामुळे सरसकट बंदी घाला असे मी म्हणणार नाही. शिवाय बंदीने तोड थांबत नाही, ती रात्री होऊ लागते, एवढेच.

पण झाडाचा कोणता भाग काढला जातो, यावर सारे अवलंबून आहे. भीमाशंकरच्या परिसरात आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात कोवळा हिरडा उतरवतात आणि अंगणात पसरून तो काळा, कडक होईपर्यंत वाळवतात. बाळहिरडा म्हणून तो विकला जातो आणि झाड पुढच्या वर्षासाठी जागेवर उभे राहते. म्हणूनच जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडे मोडली, तेव्हा या कुटुंबांचे वर्षानुवर्षांचे उत्पन्न बुडाले. नरक्याचे तसे नाही. तो गुडघाभर बुंधा राखून तोडला तर त्याला पुन्हा फुटवे येतात. मात्र मुळालाही भाव मिळत असल्याने बुंध्याभोवती खणून झाड मुळासकट काढले जाते, खोडामुळांचे तुकडे करून वाळवले जातात आणि पोती भरली जातात. मागे खड्डा राहतो, आणि घाटातला पहिला मोठा पाऊस त्याच्या कडेची मातीही घेऊन जातो. हिमालयात कुटकी आणि जटामांसी यांची हीच गत झाली. त्यांचाही औषधी भाग जमिनीखालचा, आणि आज त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या संकटग्रस्त वन्य प्रजातींविषयीच्या कराराचे नियंत्रण आहे.

आता कायद्याकडे वळतो. जैवविविधता कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना लाभवाटपातून, म्हणजे व्यापारातील लाभाचा वाटा स्थानिकांना देण्याच्या अटीतून, सूट दिली आणि त्यासाठी स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीचा मूळ ठिकाणाचा दाखला आवश्यक ठरवला. लागवडीला उत्तेजन मिळावे हा हेतू चांगलाच आहे. परंतु वाळलेल्या तुकड्याकडे पाहून तो शेतातला की रानातला, हे कोण सांगू शकेल? आमच्या भागात खासगी मालकीचे रानही पुष्कळ आहे, आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या जमिनीतला माल ‘लागवडीचा’ म्हणून दाखवणे अवघड नाही. अनेक गावांत समिती केवळ कागदावर आहे. अशा समितीच्या सहीने रानातली चोरी शेतमाल ठरू नये.

यासाठी शासनाने पुढील गोष्टी कराव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. समितीने उभी लागवड प्रत्यक्ष पाहून झाडांची संख्या व वय नोंदवल्याशिवाय दाखला देऊ नये आणि वाहतूक परवान्यावरील वजन त्या नोंदीशी ताडून पाहावे. रानातल्या नरक्याचे मूळ खणण्यास मालकी जमिनीतही मनाई असावी. अर्क काढणाऱ्या कारखान्याने कोणत्या गावातून किती माल घेतला हे दरवर्षी जाहीर करावे, आणि हिशेब न जुळल्यास मजुराआधी खरेदीदारावर कारवाई व्हावी. त्याचबरोबर वनखात्याने आपल्या रोपवाटिकांतून शेतकऱ्यांना नरक्याची रोपे पावसाळ्यापूर्वी द्यावीत. रोपच मिळाले नाही, तर लागवडीच्या सवलतीचा लाभ खऱ्या शेतकऱ्याला घेताच येणार नाही.

आपला,
एक वाचक, चंदगड (जि. कोल्हापूर)