रिकामा रकाना

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

मंगळवारी फोन ठेवल्यापासून हे पत्र मी मनात लिहिते आहे. छकुलीच्या शाळेच्या अर्जात आम्ही दोघांनी धर्माचा रकाना रिकामा ठेवला, हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवे होते. ते दादाकडून कळले आणि त्या रात्री बाबांचा रक्तदाब वाढला, याची टोचणी मला लागून राहिली आहे. अर्ज देऊन झाला आहे आणि तो मी बदलणार नाही. पण तुम्हाला उशिरा सांगितल्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

बाबा, तुमच्या बोलण्यातले एक वाक्य मात्र मनातून जात नाही. "देव सोडलास, म्हणजे आता तूही त्या उदारमतवाद्यांतली झालीस," असे तुम्ही म्हणालात. माझी श्रद्धा उरलेली नाही, हे खरे आहे. माझी राजकीय मते उदारमतवादी आहेत, हेही खरे आहे. पण पहिल्या गोष्टीतून दुसरी आपोआप निघाली, हे मला मान्य नाही, आणि ते का मान्य नाही हे तुम्हाला नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्या म्हणण्याला आधार नाही असे मी म्हणत नाही. अमेरिकेत स्वतःला निरीश्वरवादी म्हणवणारे लोक फार मोठ्या संख्येने उदारमतवादी मानल्या जाणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले दिसतात. पण तिथला इतिहास पाहिला की ही जोडी कशी जुळली तेही दिसते. 1979 मध्ये जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना काढली आणि श्रद्धाळू ख्रिस्ती मतदारांना रिपब्लिकन पक्षामागे उभे केले. त्यानंतर धर्म म्हणजे एका पक्षाची बाजू असे चित्र तयार झाले, आणि ज्यांना ते राजकारण नको होते त्यांतले काही जण धर्मापासूनही दूर गेले, असे तिथल्या काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे या लोकांच्या बाबतीत राजकारण आधी आले आणि अश्रद्धा मागून आली. याउलट, पूर्वीच्या पूर्व जर्मनीत बहुसंख्य लोक कोणत्याही चर्चचे सदस्य नाहीत, आणि स्थलांतरितांना कडाडून विरोध करणाऱ्या एएफडी या पक्षाला सर्वाधिक पाठबळ त्याच भागातून मिळते. देव न मानणारी माणसे अमेरिकेतही आहेत आणि पूर्व जर्मनीतही, पण मते देताना ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात.

बाबा, सावरकर तर तुम्हीच मला वाचायला दिले होते. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असे निःशंकपणे लिहिणारे आणि आपल्या मृत्यूनंतर धार्मिक विधी करू नयेत असे सांगून ठेवणारे सावरकर उदारमतवादी नव्हते. आगरकर त्यांच्याइतकेच बुद्धिवादी होते. त्यांनी 1888 मध्ये 'सुधारक' काढले आणि व्यक्तीच्या स्वातंत्र्याची बाजू मांडण्यात आयुष्य वेचले. आणि ज्यांना आपल्याकडच्या उदारमतवादाचे प्रमुख पुरुष मानतात ते न्यायमूर्ती रानडे प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ, पूर्ण ईश्वरनिष्ठ! हे तिघे डोळ्यांसमोर ठेवले की श्रद्धेवरून माणसाचे राजकारण ओळखण्याचा माझा तरी धीर होत नाही.

अर्थात दोन्हींचा काहीच संबंध नाही, असे म्हटले तर तेही खोटे ठरेल. अमुक गोष्ट ग्रंथात सांगितली आहे म्हणून स्त्रीने दुय्यम राहावे किंवा अमक्याने अमक्यावर प्रेम करू नये, हा युक्तिवाद देव न मानणाऱ्यापुढे टिकत नाही. त्याला दुसरे कारण द्यावे लागते. पण दुसरी कारणे देणाऱ्यांची जगात वाण नाही. राष्ट्र, वंश, शिस्त, क्रांती यांतले काहीही देवाच्या जागी बसवता येते आणि त्याच्या नावाने माणसांना तितक्याच कठोरपणे वागवता येते. अल्बानियात 1967 साली सरकारने सगळी प्रार्थनास्थळे बंद केली. तिथे निरीश्वरवाद होता, पण तुझ्यासारख्या बाईला, आई, तिच्या स्वतःच्या घरात निर्धास्तपणे प्रार्थना म्हणता आली नसती. अशा राज्यात मला क्षणभरही राहायचे नाही.

मला वाटते, खरा धागा वेगळाच आहे. जो अल्पसंख्य असतो त्याला उदारमतवादाची गरज अधिक भासते. चार्ल्स ब्रॅडलॉ हे उघड नास्तिक 1880 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, पण शपथेच्या वादावरून त्यांना आपल्या जागेवर बसायला सहा वर्षे लागली. मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत होते आणि सभागृह त्यांना दाराबाहेर ठेवत होते. अखेर 1888 मध्ये, देवाचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याचा हक्क सर्वांना देणारा कायदा त्यांनी करून घेतला. (पुढच्याच वर्षी ते काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईलाही आले होते. आणि समाजवादाला त्यांचा ठाम विरोध होता, हेही तुम्हाला सांगायला हवे.) पण हीच गरज छळ सोसलेल्या श्रद्धाळूंनाही होती. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटकडे 1783 मध्ये अर्ज करणारे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक देवभक्तच होते, आणि आपल्या पंथापायी त्यांच्या पूर्वजांनी तुरुंग भोगले होते. त्यामुळे छकुलीला मी देव नाही असे शिकवणार नाही. तो रकाना रिकामा आहे. त्यात नकारही लिहिलेला नाही. मोठी झाल्यावर तिला वाटेल ते तिने त्यात लिहावे आणि तोवर कोणी तिला त्याचा जाब विचारू नये, एवढेच मला हवे आहे.

आता मनातले सांगते. माझा उदारपणा मी अश्रद्धेतून मिळवलेला नाही, तो या घरात मिळाला. आपल्या मागच्या खोलीत दुसऱ्या धर्माचे ते चौघांचे कुटुंब राहिले ते तीन महिने मला अजून आठवतात. बाबा, तेव्हा शेजारचे किती येऊन बोलून गेले, आणि तुम्ही दारात उभे राहून एकच उत्तर देत होतात. आई, तू संध्याकाळी प्रार्थनेला बसलीस की त्यांच्या धाकटीला मांडीवर घेत असायचीस आणि तिच्या आईला विचारायचीस, "चालेल ना तुम्हाला?" त्या वेळी मला तिचा हेवा वाटायचा, कारण ती जागा माझी होती. पण 'चालेल ना' हा प्रश्न मी तिथेच ऐकला. तुम्ही दोघे तेव्हाही देव मानत होतात, आजही मानता. म्हणून बाबा, माझी मते परक्यांनी माझ्या डोक्यात भरवली असे तुम्ही म्हणालात, तेव्हा मला वाईट वाटले. तुम्हीही वाईट वाटूनच तसे म्हणालात, हे मला ठाऊक आहे. तुमच्यावर राग नाही.

आता कृपा करून माझे ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळी ठरल्या वेळी घ्यायची आणि 'आज बरे वाटते' म्हणून चुकवायची नाही. रात्रीच्या टीव्हीवरच्या चर्चा पंधरा दिवस पूर्ण बंद. राजकारण माझ्याशी बोला, मी वाद घालीन, पण ओरडणार नाही. कानाचे यंत्र फोनवर बोलताना काढून ठेवू नका. न्हाणीघरात रबरी चटई घालून घ्या आणि तिथला दिवा रात्रभर चालू ठेवा, विजेच्या बिलाची चिंता करू नका. आई, डोळ्यांत थेंब टाकायला दादाला सांग, स्वतः अंदाजाने टाकू नकोस, आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत बारीक अक्षर मुळीच वाचायचे नाही.

तुझे प्रार्थनेचे पुस्तक वाचता येत नाही म्हणून तू कासावीस होतेस, असे दादा म्हणाला. मी शुक्रवारी येते आहे. आठ दिवस राहीन आणि रोज संध्याकाळी ते तुला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवीन. त्यातले उच्चार तूच मला शिकवले आहेस, ते चुकणार नाहीत. बाबा, तुम्हीही जवळ येऊन बसा.

तुमची लेक